मुळाची भूक

कुरुंदवाडच्या खताच्या दुकानातून पोटॅशची ५० किलोची गोणी उचलणारा ऊसवाला दोनच गोष्टी बघतो: भाव, आणि गोणीवरचा ६० हा आकडा. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के, एवढं त्याला पुरे. तिसरी एक गोष्ट गोणीवर छापत नाहीत. निसर्गात सापडणाऱ्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे एखादा अणू पोटॅशियम-४० या जातीचा असतो, आणि तो किरणोत्सर्गी असतो. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ अणूंचं विघटन होतं. गोणीत नुसतं पोटॅशियम भरतं २५ किलोच्या आसपास. हिशेब केला तर त्या गोणीत दर सेकंदाला साधारण पावणेआठ लाख अणू फुटत असतात. सेकंदाला एक अणू फुटणं म्हणजे एक बेकरेल. तेव्हा ही झाली पावणेआठ लाख बेकरेलची गोणी. चोरटा किरणोत्सर्गी माल पकडायला बंदरांवर जी यंत्रं बसवलेली असतात, ती पोटॅशचा ट्रक आला तरी ओरडतात.

घाबरायचं कारण नाही. त्या गोणीवर बसून चहा प्यायला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. मोठ्या माणसाच्या अंगातही याच पोटॅशियमचे चार हजारांच्या आसपास बेकरेल सदोदित असतात. उसाच्या रसात ते असतं, केळ्यात असतं, शेणात असतं. सांगायचं इतकंच की ‘किरणोत्सर्ग मातीतून पिकात उतरतो का?’ हा जो प्रश्न जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या वादात २०१०-११ साली कोकणात घराघरांत विचारला गेला, त्याचं उत्तर ‘उतरतो, पहिल्या पिकापासून उतरत आलाय’ असं आहे. खरा प्रश्न पुढचा: कोणता किरणोत्सर्गी अणू, कोणत्या वाटेने, आणि किती? हे कळायला माणसाला साठ-सत्तर वर्षं लागली. त्या वाटेचा माग काढताना फिरून फिरून कृष्णा-पंचगंगेच्या संगमाशी, कुरुंदवाडला यावं लागतं. कुरुंदवाडला अणुभट्टी नाही आणि कधी काही सांडल्याचंही नाही. पण शिरोळ तालुक्यातला शेतकरी दोन पिढ्या मिठाशी झुंजतोय, आणि मिठाचं आणि किरणोत्सर्गी सिझियमचं मुळाशी जे भांडण चालतं ते एकाच घराण्यातलं आहे.

पोटॅशियमचा हा गुण पहिल्यांदा लक्षात आला १९०६ साली, केंब्रिजमध्ये. नॉर्मन कॅम्पबेल आणि अलेक्झांडर वुड यांनी साधे, सर्वांच्या ओळखीचे क्षार तपासले आणि पोटॅशियमचे क्षार किंचित किरण सोडतात असं त्यांना दिसलं. त्यामागचा नेमका अणू, पोटॅशियम-४०, सापडायला १९३५ साल उजाडलं. मधल्या काळात युरोप-अमेरिकेला रेडियमचं वेड लागलं होतं. रेडियमचं पाणी, रेडियमची क्रीम. मग रेडियमचं खत निघालं नसतं तरच नवल. रोपांना ‘जोम’ येतो म्हणून ते विकलं जाई. इलिनॉय विद्यापीठातले सिरिल हॉपकिन्स यांनी ते शेतात घालून बघितलं आणि १९१५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात निकाल छापला: उत्पन्नात काडीचाही फरक नाही. गंमत अशी की हॉपकिन्स स्वतः दगडी फॉस्फेटचे कट्टर पुरस्कर्ते. जमिनीत खडक फॉस्फेट घाला, पिढ्यान्‌पिढ्या सुपीकता टिकेल, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. आणि त्या खडकात युरेनियम असतं, त्याच्या पाठोपाठ रेडियमही असतं. रेडियमच्या खताला नाक मुरडणारा शेतकरी तेच रेडियम फॉस्फेटबरोबर फुकट पसरत होता. त्या फॉस्फेटकडे पुढे यायचंच आहे.

मूळ काय घेतं आणि काय घेत नाही हे प्रत्यक्ष बघण्याची युक्ती काढली ती जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन माणसाने. याच्याबद्दल एक किस्सा सांगतात, तो स्वतःही सांगायचा. मँचेस्टरला खाणावळीत राहत असताना मालकीणबाई उरलंसुरलं मांस पुन्हा शिजवून वाढतात असा त्याला संशय. त्याने ताटातल्या उरलेल्या मांसात थोडा किरणोत्सर्गी पदार्थ टाकला आणि काही दिवसांनी ताटात आलेल्या पदार्थाजवळ यंत्र धरलं. संशय खरा ठरला. हीच युक्ती त्याने १९२३ साली कोपनहेगनमध्ये एका शेंगवर्गीय रोपावर वापरली. शिशाच्या द्रावणात किरणोत्सर्गी शिसं मिसळलं, रोपाची मुळं त्यात बुडवली, मग मूळ, खोड, पानं वेगवेगळी जाळून राख मोजली. शिसं बहुतेक मुळातच अडकून राहिलेलं, वर पानापर्यंत गेलेलं अगदी थोडं. पुढची खरी मजा: तीच मुळं साध्या शिशाच्या द्रावणात ठेवली की आतलं किरणोत्सर्गी शिसं बाहेर येऊन त्याची जागा साधं शिसं घेई. म्हणजे मुळाला किरणोत्सर्ग दिसत नाही. त्याला फक्त शिसं दिसतं. हेवेशीला १९४३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते या खुणेच्या अणूंच्या पद्धतीसाठी.

या कथेतला माझा आवडता माणूस मात्र इमॅन्युएल एपस्टीन. १९५२ साली, अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करताना, त्याने आणि हेगन या सहकाऱ्याने बार्लीची कापलेली मुळं किरणोत्सर्गी रुबिडियमच्या द्रावणात ठेवली आणि बरोबर कधी पोटॅशियम, कधी सिझियम मिसळून बघितलं. रुबिडियम, पोटॅशियम, सिझियम हे तिघे रसायनाच्या तक्त्यात एकाच उभ्या रांगेतले भाऊ. पोटॅशियम वाढवलं की रुबिडियम आत जाणं कमी होई, सिझियम वाढवलं तरी तेच. तिघे एकाच दारावर रेटारेटी करत होते. मुळाच्या पेशीच्या पडद्यावर पोटॅशियम आत घेणाऱ्या जागा ठरावीक असतात; एस.टी.त रुमाल टाकून जागा धरावी तसं जो आधी आणि जास्त संख्येने येईल तो बसतो, आणि कंडक्टर तिकिटावरचं नाव विचारत नाही. १९५४ साली एपस्टीनने कॅल्शियम, स्ट्राँशियम आणि बेरियम यांचीही अशीच चढाओढ दाखवली. म्हणजे सिझियम शिरतं पोटॅशियमच्या दारातून, आणि स्ट्राँशियम कॅल्शियमच्या.

हे संशोधन अगदी वेळेवर आलं. त्याच १९५४च्या १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँब उडवला आणि त्याची राख जपानच्या ‘लकी ड्रॅगन’ या मासेमारी बोटीवर पडली. महिन्याभरात, २ एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. त्यांच्याच सांगण्यावरून दौ. सिं. कोठारी यांच्या पुढाकाराने अणुस्फोटांच्या परिणामांवरचं पुस्तक १९५६ साली सरकारने प्रसिद्ध केलं. त्या काळी सरकारी प्रकाशनात इतकं सरळ लिहिलेलं फार थोडं सापडतं. किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करायला संयुक्त राष्ट्रांनी १९५५ साली जी वैज्ञानिक समिती नेमली तिच्या मूळ सदस्यांत भारत होता, आणि तुर्भ्याच्या अणुप्रयोगशाळा पावसात, दुधात आणि धान्यात स्फोटांतून पसरलेलं स्ट्राँशियम-९० आणि सिझियम-१३७ मोजू लागल्या.

या मोजमापात पश्चिमेची आणि आपली चिंता वेगळी निघते, ती समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सगळी ओरड दुधाची: स्ट्राँशियम गवतात, गवत गाईत, दूध मुलांत, मुलांच्या हाडांत. सेंट लुईसला तर १९५८पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून तपासले गेले. पण गाय स्वतःच एक मोठी चाळणी असते. तिचं आतडं आणि कास कॅल्शियमला जेवढं पुढे सोडतात तेवढं स्ट्राँशियमला सोडत नाहीत. दुधातलं स्ट्राँशियमचं कॅल्शियमशी प्रमाण तिच्या चाऱ्यातल्या प्रमाणाच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येतं. ज्याचं कॅल्शियम दुधातून न येता भाकरी आणि पालेभाजीतून येतं त्याला ही चाळणी मिळत नाही. त्यातून स्ट्राँशियम दाण्याच्या वरच्या थरात, कोंड्यात जास्त साठतं. मैद्याचा पाव खाणाऱ्यापेक्षा कोंड्यासकट दळलेल्या ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी खाणारा माणूस या एका बाबतीत तोट्यात. १९६३ साली मॉस्कोत वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला आणि ही पातळी उतरत गेली, म्हणून त्याची फार चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी होती असं मला वाटतं, कारण जगातले बहुतेक लोक दुधावर जगत नाहीत.

त्यानंतरची मोठी घटना सगळ्यांना ठाऊक आहे, २६ एप्रिल १९८६, चेर्नोबिल. तिचा एक धागा थेट मुंबईत आला. ऑपरेशन फ्लडसाठी युरोपातून दुधाची भुकटी आणि लोणी मदत म्हणून येत असे. त्यातलं आयर्लंडचं लोणी चेर्नोबिलच्या पावसाने दूषित झालंय, ते विकू देऊ नका, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने किरणोत्सर्ग अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असल्याचं सांगितलं आणि १९८८ साली याचिका निकालात निघाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला ‘आयरिश बटर केस’ म्हणून शिकवतात.

पण त्यात शेतीच्या बाजूची एक गोष्ट राहून जाते. सिझियम पाण्यात विरघळतं, स्निग्धांशात नाही. दूध घुसळलं की ते जवळजवळ सगळं ताकाबरोबर जातं, लोण्यात फार थोडं राहतं, आणि लोणी कढवून केलेल्या तुपात जवळपास काहीच नाही. भांडण लोण्यावर झालं. शंका घ्यायची तर ती साय काढलेल्या दुधाच्या भुकटीवर घ्यायला हवी होती, कारण पाणी उडवलं की सिझियम तिथेच दाटून बसतं. कुरुंदवाडच्या पलीकडे, नृसिंहवाडीला बासुंदी करतात तेव्हा हेच होतं. दूध आटत आटत तिसऱ्या हिश्श्यावर येतं, पाणी वाफ होऊन जातं आणि दुधातलं पोटॅशियम सगळं कढईत उरतं. वाडीच्या बासुंदीत म्हणून साध्या दुधाच्या तिप्पट पोटॅशियम-४० असतं. पोटॅशियमच्या जागी सिझियम असतं तर तेही तिप्पट झालं असतं. दत्ताच्या प्रसादाला याने काही बट्टा लागत नाही.

चेर्नोबिलने शास्त्रज्ञांना शिकवलं ते मातीबद्दल. युक्रेनची काळी चेर्नोझेम जमीन आणि त्याच्या उत्तरेची पोलेस्येची दलदलीची, कुजक्या पाचोळ्याची जमीन, या दोन्हींवर सिझियम पडलं. पण काळ्या जमिनीतल्या पिकात ते फार कमी चढलं आणि दलदलीच्या गवतात भरपूर. सर्वांत अजब वेल्समध्ये झालं. चेर्नोबिलपासून दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर, डोंगराळ कुरणांवर एका पावसात जे पडलं, त्यापायी मेंढ्यांच्या विक्रीवर १९८६ साली निर्बंध आले, ते शेवटचे उठले २०१२ साली. तिथल्या पीटच्या जमिनीत चिकणमाती जवळजवळ नाही आणि पोटॅश तर नाहीच. सिझियमला धरून ठेवणारं कोणी नाही, आणि गवताचं मूळ पोटॅशियमला भुकेलेलं. मिळेल ते गिळणार.

चिकणमातीतही घराणी असतात. इलाइट नावाच्या अभ्रकासारख्या खनिजाच्या कडा थोड्या उकललेल्या असतात; सिझियमचा अणू त्या फटीत जाऊन बसला की फट मिटते आणि तो वर्षानुवर्षं बाहेर येत नाही. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती जास्त. ती फुगते, भेगाळते, भरपूर क्षार धरते, पण सिझियमला इलाइटइतकं घट्ट पकडत नाही. तिची खरी ताकद दुसरीच: तिच्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम मुबलक असतं, त्यामुळे मुळाच्या दाराशी सिझियमला गर्दीतून वाट काढावी लागते. बेसॉल्टमध्ये मुळात युरेनियम-थोरियमही ग्रॅनाइटच्या मानाने फार कमी. किरणोत्सर्गाच्या दृष्टीने देशातल्या शांत जमिनींमध्ये देश भागाची गणना होते.

आता सह्याद्री उतरून कोकणात या. जांभ्याची माती आंबट, पावसाने धुतलेली, पोटॅशियमला महाग. तिच्यातली चिकणमाती केओलिनाइट जातीची, सिझियम धरायला जवळजवळ निरुपयोगी. ब्राझीलमध्ये गोयानिया शहरात १९८७ साली बंद पडलेल्या दवाखान्यातून उचलून नेलेलं सिझियमचं यंत्र फोडलं गेलं तेव्हा तिथल्या अशाच झिजलेल्या लाल मातीत पिकं युरोपच्या अंदाजापेक्षा जास्त सिझियम घेतात असं दिसलं. जैतापूरच्या वादात भट्टीच्या बनावटीवर, भूकंपावर, समुद्राच्या तापमानावर रकानेच्या रकाने लिहिले गेले आणि ते योग्यच होतं. मात्र अपघात झालाच तर हापूसची बाग ज्या जांभ्यावर उभी आहे तो सिझियमला सहज सोडणारा आहे, हे सांगणारं लिखाण त्या मानाने माझ्या वाचनात फार कमी आलं. दोन्ही बाजूंना ते सोयीचं नसावं.

‘किती?’ या प्रश्नाला शास्त्रज्ञांनी एक साधं गुणोत्तर ठरवलंय: पिकाच्या सुक्या वजनाच्या किलोमागे किती बेकरेल, भागिले मातीच्या किलोमागे किती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१० साली जगभरच्या मोजण्यांचं एक जाडजूड टिपण काढलं. त्यात समशीतोष्ण देशांतल्या धान्यासाठी सिझियमचं हे गुणोत्तर साधारण ०.०३ येतं, म्हणजे मातीच्या किलोत शंभर बेकरेल असतील तर धान्याच्या किलोत तीन. पालेभाजीत स्ट्राँशियमचं ०.७च्या पुढे. तांबडा माठ आणि भात यांना एका दावणीला बांधता येत नाही. आणि ही सरासरी झाली. एकाच पिकाचे आकडे जमिनीनुसार शंभर पटीने इकडेतिकडे होतात. कारण मोजायला गेलं तर मातीत काय पडलंय यापेक्षा मातीत काय कमी आहे यावर बरंच ठरतं.

जपानने याचा फायदा घेतला. ११ मार्च २०११ला फुकुशिमाची दुर्घटना झाली तेव्हा भातखाचरांत सिझियम पडलं. पहिला मोह सूर्यफुलांचा झाला. चेर्नोबिलजवळच्या तळ्यांत सूर्यफुलाच्या मुळांनी पाण्यातला किरणोत्सर्ग ओढल्याचे प्रयोग झाले होते, म्हणून फुकुशिमाच्या शेतांत लोकांनी आशेने सूर्यफूल लावलं. मोजल्यावर कळलं की एका हंगामात मातीतल्या सिझियमचा दोन हजारावा भाग निघाला. फुलं सुंदर होती एवढंच. मग उपाय झाला तो पोटॅशचा: खाचरात वापरण्याजोगं पालाश १०० ग्रॅम मातीमागे २५ मिलिग्रॅम होईल इतकं पोटॅश घाला. मूळ पोटॅशियमने तृप्त झालं की सिझियमला दार मोकळं सापडत नाही. तांदळाची मर्यादा किलोला १०० बेकरेल ठेवली होती, आणि २०१२पासून काही वर्षं त्या प्रांतातली ३० किलोची प्रत्येक गोणी, वर्षाला एक कोटीच्या घरात, पट्ट्यावर टाकून मोजली गेली. २०१५च्या पिकापासून एकही गोणी मर्यादेबाहेर निघाली नाही. ज्या पोटॅशने हे काम केलं त्याच्या एका किलोत स्वतःचे पंधरा हजारांवर बेकरेल असतात, पण पोटॅशियम आपल्या अंगात आधीपासूनच मोजून-मापून असतं. शरीर जास्तीचं लघवीवाटे काढून टाकतं.

आता कुरुंदवाड. कृष्णाकाठी उपसा सिंचन आलं, ऊस आला, पाटाचं पाणी रात्रंदिवस सुटलं. जमिनीखालची पाण्याची पातळी वर येत गेली आणि पाण्याबरोबर मीठ वर आलं. तालुक्यात हजारो एकर क्षारपड झाली. ज्या जमिनीत मातीच्या कणांना चिकटलेलं, म्हणजे विनिमययोग्य, सोडियम १५ टक्क्यांवर गेलं ती चोपण: ओली झाली की चिखलाचा लगदा, सुकली की दगड, पाणी मुरत नाही, मूळ श्वास घेऊ शकत नाही. तिथला ऊस बघितला तर पानाच्या कडा करपलेल्या दिसतात, ती पोटॅशच्या तुटवड्याचीही खूण असते. कारण सोडियम पोटॅशियमच्या वाटेत आडवं येतं. एपस्टीनने बार्लीच्या मुळांवर दाखवलेल्या रेटारेटीचा हा शिरोळ तालुक्यातला प्रयोग. एपस्टीन स्वतःही पुढे याच वाटेने गेला. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात त्याने अनेक वर्षं खाऱ्या जमिनीत पीक कसं तगतं यावर घालवली. १९७७ साली समुद्राच्या पाण्यावर बार्ली वाढवून दाखवली. अणुबाँबच्या काळात पोटॅशियमचं दार शोधणारा माणूस मिठाकडे वळला, यात योगायोग काही नाही. दार तेच होतं. २०१७ साली जपानी आणि युरोपी संशोधकांनी भाताच्या रोपातलं पोटॅशियम ओढणारं एक जनुक जनुकसंपादनाने बंद केलं, तेव्हा सिझियम आत जाणं एकदम घटलं. कुरुंदवाडच्या शेतकऱ्याला याचा उद्या उपयोग होईल असं नाही, पण कोणत्या दाराला कोणती कडी, हे आता नावानिशी माहीत आहे.

चोपण जमिनीवर उपाय दोन: भूमिगत चर काढून सच्छिद्र पाइपांनी पाणी ओढून काढणं, ज्याचं मोठं काम शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने झालं, आणि जिप्सम. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकून लावतं, मग पाणी त्याला वाहून नेतं. इथे हॉपकिन्सचा खडक परत येतो. जिप्सम राजस्थानच्या खाणीतलं असेल तर प्रश्नच नाही. पण खत कारखान्यांत फॉस्फेटच्या खडकावर गंधकाम्ल ओतून फॉस्फोरिक आम्ल करतात तेव्हा उरणारा पांढरा चुरा, फॉस्फोजिप्सम, हाही चोपण जमिनीसाठी विकला जातो. पारादीपसारख्या ठिकाणी त्याचे डोंगर उभे आहेत. खडकातलं युरेनियम बहुतांश आम्लात, पर्यायाने खतात जातं, आणि रेडियम बहुतांश या चुऱ्यात राहतं. कारण रेडियम हे कॅल्शियमच्याच रांगेतलं. अमेरिकेने १९९२ साली शेतात टाकायच्या फॉस्फोजिप्सममध्ये रेडियमची मर्यादा घातली, किलोला सुमारे ३७० बेकरेल. सागरी खडकापासून केलेलं फॉस्फोजिप्सम ही मर्यादा सहज ओलांडू शकतं. आग्नेय खडकाचं बहुधा आतच राहतं. पिकात रेडियम फारसं चढत नाही, कारण आपण तेच जिप्सम टाकून कॅल्शियमची गर्दी करून ठेवलेली असते. तरी दर तीन-चार वर्षांनी एकरी टनावारी जिप्सम घालणाऱ्या माणसाने दुकानदाराला ‘हे खाणीचं का कारखान्याचं?’ एवढं विचारायला हरकत नाही. गोणीवर लिहिलेलं असायला हवं.

आतापर्यंत सगळं मुळाबद्दल झालं. पिकाला दुसरंही एक दार असतं, पान. आणि या भागातलं सर्वांत किरणोत्सर्गी पीक मुळाच्या नव्हे, पानाच्या दाराने तसं झालेलं आहे. ते म्हणजे तंबाखू. जयसिंगपूरची पेठ आणि सीमेपलीकडच्या निपाणीच्या वखारी ज्यावर उभ्या राहिल्या तीच. तंबाखूच्या पानावर बारीक चिकट केस असतात. शेंडे खुडून आलेल्या बायकांच्या हाताला जो काळपट चीक लागतो तो त्यांचाच. मातीतल्या युरेनियमपासून रेडॉन वायू निघतो, हवेत त्याचं विघटन होत होत शिसं-२१० धुळीच्या कणांवर बसतं आणि ती धूळ या चिकट केसांवर. शिसं-२१०चं अर्धायुष्य २२ वर्षांचं, आणि त्यातून तयार होतो पोलोनियम-२१०. काही भाग फॉस्फेटच्या खतातूनही येतो. १९६४ साली हार्वर्डमधल्या एडवर्ड रॅडफर्ड आणि व्हिल्मा हंट यांनी सिगारेटच्या धुरात पोलोनियम दाखवला. हंटबाईंनी तंबाखूची राख तपासली तर तिच्यात तो जवळजवळ नव्हताच; जळत्या टोकाच्या उष्णतेला तो उडून धुरात जातो हे त्यावरून सुचलं. पुढे अमेरिकेतल्या खटल्यांमधून कंपन्यांची कागदपत्रं उघडी पडली तेव्हा त्यांना हे दशकानुदशकं ठाऊक होतं असं दिसलं. भारतातल्या तंबाखूतही, बिडीच्या तंबाखूतही, तो मोजला गेला आहे.

बिडी वळणाऱ्या बाईला त्याच्यापासून हातावाटे धोका नाही, अल्फा कण कातडीही भेदत नाही. तिला छळतं ते निकोटिन आणि तंबाखूची धूळ. पोलोनियमचं काम सुरू होतं काडी ओढल्यावर, श्वासनलिकेच्या फाट्यांवर. तंबाखू नुसती पडून राहिली म्हणून तो कमी होईल असंही नाही. पोलोनियमचं स्वतःचं अर्धायुष्य १३८ दिवस, पण पानातलं शिसं-२१० त्याची भर घालतच राहतं. ताज्या पानात जेवढा पोलोनियम असतो त्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं ठेवलेल्या पानात तो जास्त भरतो. निपाणीचा शेतकरी १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींच्या मागे रस्त्यावर बसला तो भावासाठी, आणि भाव चढेल म्हणून वखारीत राखून ठेवलेल्या मालात तेवढ्या काळात पोलोनियम वाढत होता.